कार्ड ‘नुसतं पाहिलं’ असं होत नाही

(आटपाडी येथे महिला गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा तुमच्यातल्या काहीजणी एकमेकींकडे बघून हसलात. ‘मेमरी कार्ड आणि प्रोटोकॉल अ‍ॅनलायझर’. पाणी, रेशन, दारू, पोटगी यांवर बोलणाऱ्या आपण बायका, आपल्यात हे यंत्र कुठून आलं, असं वाटणं साहजिक आहे. माझं शिक्षणही समाजकार्यातलं, एम.एस.डब्ल्यू. मी काही इंजिनिअर नाही. त्यामुळे एका कार्यकर्तीनं दुसरीला समजावून सांगावं तसंच मी सांगणार आहे. जिथं कळणार नाही तिथं हात वर करा आणि मला थांबवा.

हा विषय आपल्यात बायकांच्याच हातून आला. पूर्वी बाई तक्रार घेऊन यायची तेव्हा तिच्याजवळ काय असायचं? अंगावरचे वळ, एखादं जळकं पातळ, माहेरी लिहिलेलं पत्र. आता त्याच्या जोडीला कागदाच्या पुडीत बांधलेलं नखाएवढं काळं कार्ड असतं. बटणांच्या साध्या फोनवर नवऱ्याची धमकी रेकॉर्ड झाली, ती कार्डात. घरावर नाहीतर गोठ्यावर कॅमेरा बसवला, त्याचं चित्रीकरण कार्डात. आणि कुणीतरी तिच्या नकळत काढलेली चित्रफीत, तीही कार्डातच.

मग पुढं काय होतं, तेही तुम्हाला ठाऊक आहे. आमच्याकडं आलेल्या एका बाईचं सांगते. नाव, गाव सांगत नाही. तिनं नवऱ्याच्या मारहाणीचं आणि धमक्यांचं रेकॉर्डिंग केलं होतं. ती आमच्याकडं पोचली तोवर ते कार्ड भावाच्या फोनमध्ये जाऊन आलेलं. चुलत्यांनी पाहिलेलं. गावातल्या दोन वजनदार माणसांनी ‘खरं-खोटं करू’ म्हणून आपापल्या फोनमध्ये घालून पाहिलेलं. मोबाइलच्या दुकानात एक प्रतही काढून झालेली. पुढं समोरच्या वकिलानं विचारलं, “घटना अमुक तारखेची, मग कार्डावर त्यानंतरच्या तारखांचे फोल्डर कसे? कार्डात काय काय घातलं, काय काय काढलं?” बाई गप्प. ज्यांनी ज्यांनी पाहिलं होतं त्या सगळ्यांचं उत्तर एकच होतं, “आम्ही काही केलं नाही. आम्ही नुसतं पाहिलं.”

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. पण मेमरी कार्डाच्या बाबतीत ‘नुसतं पाहणं’ असतं का? हे ज्या यंत्रावर उघड दिसतं, ते म्हणजे प्रोटोकॉल अ‍ॅनलायझर.

कार्ड आणि फोन यांचं बोलणं

आधी कार्ड समजून घेऊ. मोठं एसडी कार्ड १९९९ साली सॅनडिस्क, तोशिबा आणि पॅनासॉनिकची मत्सुशिता अशा तीन कंपन्यांनी मिळून आणलं. आपल्या फोनमध्ये असतं ते त्याचं धाकटं भावंड, मायक्रोएसडी. पंधरा मिलिमीटर लांब, अकरा मिलिमीटर रुंद. उलटं करून बघा, सोनेरी पट्ट्या दिसतील. आठ पट्ट्या असतात. दोन विजेसाठी, एक ठोक्यांसाठी, एक हुकूम आणि उत्तरासाठी, आणि चार माहितीची ने-आण करण्यासाठी. ठोका म्हणजे भजनातल्या टाळासारखा. त्याच्या लयीवर दोघांचं बोलणं चालतं.

या बोलण्याचे नियम ठरलेले आहेत. त्या नियमांनाच प्रोटोकॉल म्हणतात. नियम असा की फोननं हुकूम द्यायचा आणि कार्डानं उत्तर द्यायचं. कार्ड स्वतःहून कधी तोंड उघडत नाही. (हशा) हसू आलं ना? ओळखीचं वाटलं असेल.

प्रत्येक हुकूम ४८ बिटांचा, म्हणजे शून्य आणि एक अशा ४८ खुणांचा. पहिली खूण ‘बोलणं सुरू झालं’ हे सांगते. दुसरी खूण सांगते की बोलतंय कोण: एक असेल तर फोन, शून्य असेल तर कार्ड. मग सहा खुणांमध्ये हुकुमाचा नंबर, ३२ खुणांमध्ये त्याचा तपशील, सात खुणांची पडताळणी, आणि शेवटची खूण ‘बोलणं संपलं’ अशी. पडताळणीच्या सात खुणा आधीच्या मजकुरावरून हिशेब करून काढतात. वाटेत एखादी खूण जरी बदलली तरी हिशेब जुळत नाही आणि चूक लक्षात येते.

हुकुमांना नंबर आहेत. शून्य नंबर म्हणजे ‘पहिल्यापासून सुरू कर’. आठ नंबर म्हणजे ‘एवढी वीज तुला चालते का?’ दोन नंबर म्हणजे ‘तुझी ओळख सांग’. १७ आणि १८ हे वाचायचे हुकूम. २४ आणि २५ हे लिहायचे. आज एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे: सतरा-अठरा वाचणं, चोवीस-पंचवीस लिहिणं.

मधे बसून ऐकणारं यंत्र

हे बोलणं फार जलद चालतं. सुरुवातीची ओळखपाळख सेकंदाला एक ते चार लाख ठोक्यांनी होते. नंतर दोघं एकमेकांना पटले की वेग अडीच कोटी, पाच कोटी, काही कार्डांत वीस कोटींच्याही वर जातो. माणसाच्या कानाचं आणि डोळ्याचं ते काम नाही. म्हणून अ‍ॅनलायझर. फोनच्या खाचेत कार्डाच्या आकाराची एक पट्टी घालतात, खरं कार्ड त्या पट्टीच्या दुसऱ्या टोकाला बसवतात आणि मधल्या तारांवरून यंत्र ऐकतं. स्वतः एक अक्षर बोलत नाही. कोण बोललं, कोणता हुकूम दिला, उत्तर किती वेळानं आलं, पडताळणी जुळली की नाही, हे सगळं वेळेसकट ओळीनं पडद्यावर मांडतं. ‘पंचवीस नंबरचा हुकूम आला की नोंद सुरू कर’, असंही त्याला सांगून ठेवता येतं.

इंजिनिअरांनी हे यंत्र बनवलं ते भांडणं सोडवण्यासाठी. कार्ड चालत नाही. कार्डवाले म्हणतात फोनचा दोष, फोनवाले म्हणतात कार्डाचा. आपल्या समुपदेशन केंद्रात रोज ऐकतो तसंच. दोघांची बाजू ऐकून उपयोग होत नाही, तेव्हा प्रत्यक्ष काय बोलणं झालं त्याची नोंद बघायची. हुकूम दिल्यावर ६४ ठोक्यांच्या आत कार्डानं उत्तर सुरू करायला हवं. नोंदीत दिसलं की केलं नाही, तर वाद मिटला. अशी यंत्रं आपल्या देशातही बनतात. बंगळूरची प्रॉडिजी टेक्नोव्हेशन्स ही कंपनी एसडी कार्डांसाठी आणि फोनच्या आतल्या मेमरीसाठी प्रोटोकॉल अ‍ॅनलायझर बनवते. ती महागडी, कारखान्यांची यंत्रं. पण शिकणाऱ्या मुलींना लहानशा स्वस्त लॉजिक अ‍ॅनलायझरवर, सिग्रोक नावाच्या मोफत प्रणालीच्या मदतीनं, संथ वेगातलं बोलणं घरीसुद्धा ऐकता येतं.

माझी एक मैत्रीण इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करते. तिला मी आमच्या त्या बाईची हकीगत सांगितली. ती म्हणाली, “ताई, सांगून पटायचं नाही. दाखवते.” तिनं एक कार्ड घेतलं, मधल्या पट्टीवर बसवलं, पट्टी एका अँड्रॉइड फोनमध्ये घातली आणि हात मागं घेतले. फोनला बोटही लावलं नाही. पडद्यावर ओळी पळायला लागल्या. ओळखपाळख झाली, मग सतरा, अठरा, अठरा. फोन कार्ड वाचत होता. आणि मग चोवीस. पंचवीस. पुन्हा पंचवीस. मी विचारलं, “हे काय लिहितोय? आपण तर काही सांगितलंच नाही.” ती म्हणाली, “तुम्ही नाही सांगितलं. फोननं स्वतःच ठरवलं.”

असं होतं ते. कार्ड आत गेलं की फोन ‘हे कार्ड सध्या वापरात आहे’ अशी खूण त्यावर करतो. अनेक फोन आपले फोल्डर तयार करतात. ‘अँड्रॉइड’ नावाचा तर बऱ्याच कार्डांवर तुम्हाला सापडेल. चित्रं दाखवायची तर काही फोन त्यांच्या बारीक प्रती करून कार्डावर ठेवतात. संगणकात घातलं तर विंडोजही आपला एक दडलेला फोल्डर करून ठेवतं. यात कुणाची लबाडी नाही. यंत्राची ती रीतच आहे. पण त्याचा अर्थ असा, की तुम्ही कार्ड पाहिलंत म्हणजे तुमच्या फोननं त्यावर लिहिलं.

आपल्या खानापूर-आटपाडी भागातली किती घरं गलाईच्या धंद्यात आहेत! सोनं-चांदी गाळायला आपली माणसं पार केरळ-तमिळनाडूपर्यंत गेली. त्या घरातल्या बायकांना हे लगेच कळेल. कसोटीच्या दगडावर सोनं घासलं की कस कळतो, पण कणभर सोनं दगडावर राहतंच. सोनार ते जाणून असतो, म्हणून दहा जणांकडं दहा वेळा घासत नाही.

कुणी म्हणेल, कार्डाला कुलूप असतं की. मोठ्या एसडी कार्डाच्या कडेला एक सरकणारा खिट्टा असतो, त्यावर ‘लॉक’ लिहिलेलं असतं. तो खिट्टा कार्डाच्या आत काहीच करत नाही. खिट्टा कुठं आहे ते खाचेनं बघायचं आणि यंत्रानं मानायचं, एवढाच तो करार. यंत्रानं मानलं नाही तर कार्ड मुकाट्यानं लिहून घेतं. आणि आपल्या फोनमधल्या लहान कार्डाला तर खिट्टाच नाही.

म्हणून पुरावा तपासणारे लोक ‘राइट ब्लॉकर’ नावाचं साधन मधे लावतात. ते वाचायचे हुकूम जाऊ देतं आणि लिहायचे अडवतं. पण ते खरंच अडवतं का, हे कोण सांगणार? अमेरिकेतल्या निस्ट या सरकारी संस्थेनं हार्ड डिस्कांसाठीचे असे ब्लॉकर तपासले, तेव्हा तारांवर प्रोटोकॉल अ‍ॅनलायझर लावून एकेक हुकूम मोजला. विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबायचं नाही, तारेवर काय गेलं ते बघायचं. ही रीत मला फार आवडली.

केरळातलं कार्ड

आता ज्या प्रकरणानं हा प्रश्न देशापुढं आणला ते सांगते. फेब्रुवारी २०१७ मध्ये कोचीला एका अभिनेत्रीचं अपहरण करून चालत्या गाडीत तिच्यावर अत्याचार झाले आणि त्याचं चित्रीकरण केलं गेलं. ते चित्रीकरण असलेलं मेमरी कार्ड हा खटल्यातला महत्त्वाचा पुरावा. ते न्यायालयाच्या ताब्यात होतं.

एका आरोपीनं त्या चित्रीकरणाची प्रत मागितली. प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २९ नोव्हेंबर २०१९ च्या निकालात न्यायालयानं सांगितलं की कार्डातला मजकूर हा ‘दस्तऐवज’ आहे, आणि आरोपीला बचावासाठी एरवी दस्तऐवजाची प्रत मिळते. पण जिथं पीडित स्त्रीच्या खासगीपणाचा प्रश्न आहे तिथं प्रत द्यायची नाही. आरोपी, त्याचा वकील आणि तज्ज्ञ यांना न्यायालयात पाहू द्यायचं. आपल्या दृष्टीनं हा मोलाचा निकाल आहे. तो ध्यानात ठेवा, पुढं कुणाच्या तरी कामी येईल.

पण त्याच कार्डाची दुसरी बाजू पुढं आली. न्यायवैज्ञानिक प्रयोगशाळेनं तपासलं तेव्हा कार्डाची ‘हॅश व्हॅल्यू’ बदललेली निघाली. हॅश व्हॅल्यू म्हणजे काय? कार्डावरच्या सगळ्या मजकुराचा ठरलेल्या गणितानं हिशेब करून जे एक लांब चिन्हांकन निघतं ते. एसएचए-२५६ नावाच्या पद्धतीत ते ६४ अक्षर-अंकांचं असतं. मजकुरातली एक खूण बदलली की पूर्ण चिन्हांकन बदलतं. त्याला कार्डाचा अंगठा म्हणा. तपासणीत दिसलं की ९ जानेवारी २०१८, १३ डिसेंबर २०१८ आणि १९ जुलै २०२१ या तारखांना, कार्ड न्यायालयांच्या ताब्यात असताना, ते उघडलं गेलं होतं. शेवटच्या वेळी तर एका अँड्रॉइड फोनमध्ये घातलं होतं आणि त्या फोनच्या खुणा कार्डावर उमटल्या होत्या. डिसेंबर २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं याच्या चौकशीचा आदेश दिला. ही दाद मागायला ती स्त्री स्वतः न्यायालयात गेली होती.

विचार करा, मैत्रिणींनो. त्या कार्डात काय होतं? तिच्यावर झालेला अत्याचार. ते ज्यानं कुणी उघडलं, त्यानं पुराव्याला धक्का लावलाच. पण आपल्याला आधी कळतं ते हे, की तिच्या देहाकडं पुन्हा एकदा तिच्या परवानगीशिवाय पाहिलं गेलं. ‘नुसतं पाहिलं’ हे शब्द इथं किती खोटे ठरतात! यंत्राच्या भाषेत पाहणं म्हणजे लिहिणं. बाईच्या बाबतीत पाहणं म्हणजे पुन्हा एकदा हात लावणं. म्हणून बाईच्या चित्रफितीचं कार्ड आपल्यापैकी कुणीही, खात्री करण्यासाठीसुद्धा, उघडायचं नाही. तिनं सांगितलं, तिच्या शब्दावर विश्वास ठेवला, एवढ्यावर काम सुरू करता येतं.

कायदा काय मागतो

आता आपल्या महाराष्ट्रातलं. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. कैलास गोरंट्याल यांनी आव्हान दिलं की उमेदवारी अर्ज वेळ संपल्यावर घेतला गेला. पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणाचा. त्यासोबत लागणारं प्रमाणपत्र मागूनही अधिकारी देईनात. हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १४ जुलै २०२० ला निकाल लागला. तीन गोष्टी ठरल्या. चित्रीकरणाची प्रत द्यायची तर प्रमाणपत्र हवंच. ज्या यंत्रात मूळ चित्रीकरण झालं तेच न्यायालयात आणलं आणि मालकानं साक्ष दिली, तर प्रमाणपत्राची गरज नाही. आणि जिनं आपल्या परीनं सगळे प्रयत्न केले, तरी समोरच्यानं प्रमाणपत्र दिलं नाही, तिला कायदा अशक्य गोष्ट करायला लावत नाही.

निवडणुकीतल्या दोन पुरुषांचं भांडण, पण त्यातून निघालेला नियम खेड्यातल्या बाईलाही लागू आहे. तिचं मूळ कार्ड जपलं गेलं तर तिची वाट सोपी. मूळ हरवलं आणि दुकानातल्या प्रतीवर वेळ आली, तर प्रमाणपत्राचा फेरा.

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला. त्याच्या कलम ६३ मध्ये हे प्रमाणपत्र आहे. त्याचे दोन भाग आहेत: ‘अ’ भाग पुरावा देणाऱ्यानं भरायचा, ‘ब’ भाग तज्ज्ञानं. दोन्हींमध्ये हॅश व्हॅल्यू लिहायची जागा आहे. आणि कलम ५७ म्हणतं की इलेक्ट्रॉनिक नोंद योग्य ताब्यातून आली आणि तिच्यावर वाद नसेल तर ती प्राथमिक पुरावा धरायची. ‘योग्य ताबा’ हे दोन शब्द अधोरेखित करा. कार्ड कुणाच्या हातात, किती वेळ होतं, याची नोंद म्हणजेच ताबा. ती नोंद ठेवायला इंजिनिअर लागत नाही. वही आणि पेन लागतं.

आपण काय करायचं

झरे, दिघंची, खरसुंडी, करगणी, जिथून जिथून तुम्ही आलात तिथं जाऊन एवढं सांगा.

पहिलं, बाईचा जीव आधी, कार्ड नंतर. घरात धोका असेल तर ११२ किंवा १८१ ला फोन करायचा, तिला तिथून बाहेर काढायचं. कार्डासाठी तिला परत त्या घरात पाठवायचं नाही.

दुसरं, शक्य असेल तेव्हा फोन बंद करून कार्ड बाहेर काढायचं. तिच्याजवळ एकच फोन असतो. कार्ड काढून ठेवलं तर फोन तिच्याजवळ राहतो, माहेरशी आणि आपल्याशी संपर्क राहतो. मात्र काही अँड्रॉइड फोनमध्ये कार्ड ‘फोनची आतली मेमरी’ म्हणून जोडलेलं असतं. ते दुसरीकडं वाचता येत नाही, तिथं फोनही द्यावा लागतो. आणि रेकॉर्डिंग कार्डात नसून फोनच्या आतच असेल, तर मूळ यंत्र फोनच आहे हे विसरू नका.

तिसरं, घरावरच्या कॅमेऱ्याचं कार्ड असेल तर उशीर नको. कार्ड भरलं की बहुतेक कॅमेरे जुनं पुसून त्यावर नवं लिहितात. काही दिवसांत घटनाच नाहीशी होते.

चौथं, कार्ड कागदी पाकिटात घालायचं. पाकिटावर कुणी दिलं, कुणी घेतलं, तारीख, वेळ, सह्या. पाकीट चिकटवून जोडावर सही. हातबदल झाला की नवी ओळ. पाहायचं नाही, कुणाला पाठवायचं नाही, दुकानात द्यायचं नाही.

पाचवं, आधीच कुणी पाहिलं असेल तर ते लपवायचं नाही. कुणी, कधी, कोणत्या फोनमध्ये, ते लिहून ठेवायचं. नोंद नसली की संशय बाईवर येतो. नोंद असली की त्या उशिराच्या तारखांचं उत्तर आपल्याजवळ असतं.

सहावं, पोलिसांकडं देताना पंचनाम्यात कार्डाचं वर्णन आणि हॅश व्हॅल्यू लिहून मागायची. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणं झडती आणि जप्तीचं दृक्-श्राव्य चित्रीकरण करायचं असतं. ‘हे आमच्याकडं होत नाही’ असं उत्तर मिळालं तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. जालन्याच्या निकालानं हेच शिकवलं: मागितलं होतं, याचा कागद आपल्याजवळ हवा.

आणखी एक. बाजारात खोटी कार्डं मिळतात. वर १२८ जीबी लिहिलेलं, आत आठच. फोननं विचारलं तर असं कार्ड आपली क्षमता फुगवून सांगतं, आणि आठ जीबी भरल्यावरही ‘मिळालं, मिळालं’ म्हणत राहतं. तारेवर ऐकलं तर बोलणं अगदी नियमात. पण नंतर वाचायला गेलं की आधीचं गेलेलं किंवा नंतरचं नाहीच. अशा वेळी घरचे म्हणतात, “हिनंच पुसलं, हिला काही कळत नाही.” बाईला दोष देण्याआधी कार्ड तपासून घ्या. एफथ्री नावाची मोफत प्रणाली कार्ड भरून, परत वाचून, खरी क्षमता सांगते. मात्र ती कार्डावर लिहूनच तपासते. म्हणून नवं कार्ड घेतल्यावर तपासायचं. पुराव्याच्या कार्डावर ती कधीही चालवायची नाही.

यंत्राची मर्यादा

शेवटी एक सावधगिरी. अ‍ॅनलायझरबद्दल एवढं ऐकून कुणाला वाटेल, एक यंत्र आणलं की काम झालं. तसं नाही. ते मधे बसवलेलं असतं तेवढ्याच वेळेचं ऐकतं. काल कार्ड कुणी उघडलं ते ते सांगू शकत नाही. हॅश व्हॅल्यू बदल झाला एवढं सांगते, कुणी केला ते सांगत नाही. कार्डावरच्या तारखा फोनच्या घड्याळावर अवलंबून असतात. ‘कुणी’ या प्रश्नाचं उत्तर शेवटी माणसांनी ठेवलेल्या नोंदीतूनच येतं.

आणि कार्ड म्हणजे सगळं काही नव्हे. ज्या बाईजवळ फोन नाही, कार्ड नाही, तिच्यावरही अत्याचार होतो. तिची साक्ष विश्वासार्ह असेल तर तेवढ्यावरही शिक्षा होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयानं पुनःपुन्हा सांगितलं आहे. ‘चित्रीकरण आण, मग बघू’ असं ठाण्यात म्हणायला लागले, तर ते आपण चालू द्यायचं नाही.

म्हणून माझी तुमच्यापुढं मागणी दोन प्रकारची आहे. सरकारकडं: न्यायवैज्ञानिक प्रयोगशाळा कोल्हापूरला आहे, पुण्याला आहे, पण कार्डाचा पहिला प्रवास गावातून ठाण्यापर्यंत होतो. त्या टप्प्यावर, तालुक्याच्या ठाण्यातच, राइट ब्लॉकर आणि हॅश काढायला शिकलेला कर्मचारी हवा. जिथं स्त्रियांच्या चित्रफिती ठेवल्या जातात तिथं कुणी, कधी उघडलं याची नोंदवही हवी, आणि ती मागितल्यावर त्या स्त्रीला दाखवली पाहिजे. ‘ब’ भाग भरणारा तज्ज्ञ तिला फुकट मिळाला पाहिजे. विधी सेवा प्राधिकरणानं वकील द्यायचा तसा तज्ज्ञही द्यावा.

आणि आपल्याकडं: प्रत्येक गटात एक वही आणि पाकिटांचा एक गठ्ठा. खर्च पन्नास रुपये. दोन बायकांनी ही जबाबदारी घ्यायची. पुढच्या बैठकीला येताना कुणाच्या गटात वही सुरू झाली ते सांगा. आता प्रश्न विचारा. मघाशी हसलेल्या मैत्रिणींनी आधी.